डांगरवाडीची नदी

१४ डिसेंबर

बाबांना नदीवर नेलं. किती दिवसांचा हट्ट — ‘मले वाडीवर ने.’ वाडी कुठली आता! पण माझ्या लहानपणी उन्हाळाभर आम्ही तिथेच राहायचो. वाळूत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे वेल, झोपडी, आईच्या भाकरी. वाळूत हातानं झिरा उकरायचा, पाणी निवळलं की ओंजळीनं प्यायचं. इतकं गार!

आज काठावरच्या बाभळींना पुरानं आणलेल्या प्लॅस्टिकच्या पन्न्या लोंबत होत्या. वाळूवर पन्न्या, पाण्यात पन्न्या. बाबा ऑटोतून उतरलेच नाहीत. ‘हे आपली नदी नाई. वापस चाल.’

रात्री जेवले नाहीत.

१५ डिसेंबर

ओट्याखालची पन्न्यांनी भरलेली पन्नी उपसली. दह्याची, कोथिंबिरीची, पावशेर मिरच्यांची. गावातलं हे सगळं नाल्यात जातं, नाला नदीला मिळतो. बास. आता घरात पन्नी आणायची नाही.

२१ डिसेंबर

बाजारात डबा नेला. मासे विकणारी तानाबाई आधी हसली, मग हळवी झाली. तिची आई पळसाच्या पानात मासे बांधून द्यायची. मलाही आठवलं — त्या ओल्या पानाचा वास! पानं का आणत नाहीस, विचारलं.

‘गिऱ्हाइकानं मांगतली त काऊन नाई आननार, नंदूबाई?’

२८ डिसेंबर

तानाबाईनं पानं आणली. मी सोडून कुणीच घेतली नाहीत.

९ जानेवारी

बाबांनी आज मयुरीला ‘सीता’ म्हणून हाक मारली. नातीला, माझ्या आईच्या नावानं. तिनं ओ दिली.

१८ जानेवारी

मयुरीनं बाबांच्या जुन्या धोतरांच्या पिशव्या शिवल्या, गल्लीत वाटल्या. शेजारच्या मंदाबाई म्हणाल्या, ‘आपल्या एका पन्नीनं काय होते?’ पिशवी मात्र ठेवून घेतली त्यांनी.

१ फेब्रुवारी

किराणावाले प्रभाकरराव आता पिशवी आणेल त्याला आधी माल देतात. दुकानात कुरकुर झाली म्हणे. तानाबाईची पानं आज दुपारीच संपली!

१५ फेब्रुवारी

गल्लीतल्या बायका नदीवर गेलो. बाभळींवरच्या पन्न्या काठीनं ओढून काढल्या, वाळूतल्या उकरल्या. नदीभर अजून आहेतच. पण आमच्या वाडीपुरती वाळू मोकळी झाली. सगळ्यात शेवटी निघाल्या मंदाबाई.

१ मार्च

बाबांना परत नेलं. आज आपणहून उतरले. वाळूत बसले, पाय पाण्यात सोडले. मग माझ्याकडे पाहून विचारलं, ‘तू कोनाची वं पोरगी?’

मी नाव सांगायच्या आत तेच बोलू लागले — ‘इथंच माह्या नंदूले पोहाले शिकवलं मी. पयले भेत जाये. मंग पान्यातून निंघेच ना.’

कुठे आहे ती आता, मी विचारलं.

‘येतेच आता,’ म्हणाले. ‘बस घडीभर.’

मी बसले.