फुटण्यासाठी लावलेली काच

६ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळून पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण आमच्या तरणतलावावर सध्या एक साहेब उतरले आहेत. इमारतींची तब्येत तपासणारे इंजिनियर. शर्टाला अशी इस्त्री, की बाहीच्या घडीवर पेन्सिलीला टोक काढावं. आम्ही त्यांना इस्त्रीसाहेब म्हणतो, अर्थात ते नसताना. आल्या दिवशी घुमटाच्या सोळाही खांबांवर बोटाने टकटक करून, कान लावून गेले. आतून कुणी दार उघडेल असं वाटत होतं की काय, कोण जाणे.

मुद्द्याचं सांगतो. घुमटाच्या पूर्वेच्या अंगाला, गॅलरीच्या वर, केसाएवढी भेग आहे. आठ वर्षांपूर्वी आधीच्या इंजिनियरांनी तिच्यावर आडवी पातळ काचेची पट्टी लावून घेतली. दोन्ही टोकांना सिमेंटचा ठिपका आणि वर तारीख. भेग हलली तर काच तडकणार, नाही हलली तर शाबूत. ती पट्टी मी माझ्या हाताने लावली, आणि तेव्हापासून दर महिन्याला वहीत लिहितो : पट्टी शाबूत. इस्त्रीसाहेबांनी वही चाळली आणि म्हणाले, आठ वर्षं शाबूत, वा. त्या ‘वा’चा सूर मला आवडला नाही. भेग वाढत असेल तर घुमट उतरवायचा आणि वर सपाट पत्रा टाकायचा, असं त्यांचं म्हणणं. ज्या घुमटाचं काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, सेंट्रिंगच्या फळ्या आपल्या आप्पांनी एकेक तासून बसवल्या, ज्याच्या कठड्याचं चित्र तू काढलंस, ज्याच्याखाली मी एकोणीस वर्षं किल्ल्या वाजवत फिरतोय, त्याच्या जागी पत्रा.

साहेबांनी बघायच्या आत पट्टी पुसून घ्यावी म्हणून परवा शिडी लावून वर गेलो. पट्टी शाबूत होती. तारीखही तीच. पण ताई, ती सरळ होती. दोरी धरून लावल्यासारखी. माझं काम तुला माहीत आहे. मी भिंतीवर कॅलेंडर लावलं तर रविवार घरंगळत शनिवारावर येतो. ही पट्टी माझी नव्हे. कुणीतरी माझी काढून आपली लावली, आणि वर माझीच तारीख घातली, माझ्याहून चांगल्या अक्षरात.

म्हणजे माझी फुटली होती, आणि ते कुणीतरी लपवलं. माझा संशय शिट्टीमास्तरांवर आहे. पोहणाऱ्यांवर लक्ष ठेवायला त्यांना उंच खुर्ची दिली आहे, तर हे पाण्याकडे कमी आणि घुमटाकडे जास्त बघतात. इस्त्रीसाहेबांवरही आहे, पण ते नवीन आहेत म्हणून जरा कमी.

आप्पा ठीक. रोज सकाळी माझ्याबरोबर येतात, कठडे पुसतात, आणि घुमटात उमटलेला त्या एका उलट्या फळीचा ठसा नव्या माणसाला दाखवून आपलीच चूक कौतुकाने सांगतात.

हे कुणाला बोलू नकोस. लोभ आहेच, सध्या थोडं मौनही असावं.

तुझा,
धाकटा


१३ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं गुप्त पत्र मिळालं. पाकीट चिकटवायला विसरला होतास. पोस्टमन फार आस्थेने विचारत होता, घुमट कसा आहे म्हणून.

आधी माझी विचारपूस. घुमटाची कड खांबांवर टेकते तिथे आत लपवलेली पन्हळ आहे, ती साफ केलीस का? हा तलाव आखताना आमच्या कचेरीतले मोठे साहेब नकाशावर वाकून सांगायचे की इमारतीने पाऊस अंगावर मिरवू नये, गुपचूप गिळावा. पन्हळ तुंबली की तो गिळलेला पाऊस भिंतीतून ओकतो. दारांना दोन उंचीवर मुठी आहेत, एक मोठ्यांसाठी आणि एक लहानांसाठी. खालची पितळेची मूठ मागच्या वेळी काळी पडली होती. आणि भिंत जिथे जमिनीला मिळते तिथे कोपरा न ठेवता वळण दिलंय, ते फडकं सरळ फिरावं म्हणून. तिथे तुझ्या बादल्या ठेवू नकोस. त्या एका वळणासाठी मी अकरा नकाशे फाडले आहेत.

आता तुझा खटला. जरा डोकं चालव. ज्याला घुमट पाडायचा आहे तो चांगली पट्टी फोडेल. फुटलेली बदलून नीट कशाला लावेल? हे काम वैऱ्याचं नाही, माया असलेल्याचं आहे. तेव्हा शिट्टीमास्तरांना सोड.

आणि एक सांग. आठ वर्षं दर महिन्याला पट्टी बघत होतास, तर ती सरळ झालेली आत्ताच कशी दिसली?

लोभ पूर्वीइतकाच, कमी व्हायचं कारण तू देऊ नयेस.

ताई


२२ ऑक्टोबर

श्रीमती भगिनीसाहेबांस,
नमस्कार.

आपला प्रश्न पोचला. माझे गुडघे दुखतात हे आपणांस ठाऊक आहे. मी पट्टी खालून बघत असे. चकाकली की शाबूत. आता झालं समाधान?

शिट्टीमास्तर आपल्या म्हणण्याखातर सोडले नाहीत. गॅलरीच्या जिन्यावर मी पावडर टाकून ठेवली होती. सकाळी एकच पाऊल उमटलेलं दिसलं, टाचेला चीर असलेलं. मोठ्या उमेदीने मोजमाप घेतलं. माझंच निघालं.

मग आपल्याच तर्काने पुढे गेलो. वैऱ्याचं काम नाही, माया असलेल्याचं आहे. बरं. आपण फेब्रुवारीत आला होतात. गॅलरीत पाऊण तास एकट्या होतात, बरोबर ती मोठी पर्स. कठडा बघतेय असं म्हणालात. पाऊण तास कठडा? आपलं अक्षर छापल्यासारखं, आपली रेघ जन्मात कधी वाकडी गेली नाही, आणि हा घुमट पडू नये असं आपल्याइतकं कुणाला वाटणार? मी आरोप करत नाही. फक्त विचारतो.

इस्त्रीसाहेबांचा अहवाल जानेवारीअखेर जाणार आहे. पट्टी बदलल्याचं त्यांना कळलं, तर घुमटाआधी मी खाली उतरेन.

लोभाचं नंतर बघू.

आपला,
देखभालदार


२९ ऑक्टोबर

चि. देखभालदारांस,
आशीर्वाद, मोजून एक.

पर्समध्ये चष्मा, गोळ्या आणि तुझ्या बायकोने दिलेलं लोणचं होतं. सिमेंट नव्हतं. आणि पाऊण तास मी खरोखर कठडाच बघत होते. लहान मुलांचा हात पुरतो तिथे त्याचं लाकूड बारीक केलंय, त्यांच्या मुठीत मावावं म्हणून. तिथलं पॉलिश इतक्या वर्षांत इतकं गुळगुळीत झालंय की माझी मीच हात काढायला विसरले. तुला ते एकोणीस वर्षांत दिसलं नसेल, कारण तू तेही खालूनच बघत असशील.

खालून बघून ‘शाबूत’ लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या पर्सचा हिशेब मागू नये. मला तर वाटलं होतं की तूच वही झाकायला पट्टी बदललीस. पण ती सरळ आहे म्हणालास, म्हणून तू सुटलास.

आता रागात एक गोष्ट सुचली आहे. या आठवड्यात तुझ्या पत्त्यावर माझं एक पत्र येईल. ते तुला नाही. फोडू नकोस.

ताई


७ नोव्हेंबर

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. धाकट्याने पाकीट उजेडात धरून पाहिलं, पण फोडलं नाही. विचारलंस म्हणून सांगतो. एरवी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

होय, काच मी बदलतो. पहिल्यांदा फुटलेली दिसली तेव्हा वाटलं, खाली पोरं अनवाणी पळतात आणि वर फुटकी काच लटकतेय, कोण शहाणा ठेवील? धाकट्याला सांगितलं असतं तर उद्या करतो म्हणाला असता, आणि त्याचा उद्या मला माहीत आहे. म्हणून मीच चढतो. शिट्टीमास्तर शिडी धरतो. त्याला बोलू नको म्हणून सांगून ठेवलंय, तो शब्दाचा पक्का निघाला. तारीख होती तीच घालतो. आमच्या धंद्यात दुरुस्ती डोळ्यांना दिसली तर ती दुरुस्ती नव्हे.

तुकडे कचऱ्यात टाकत नाही, उचलणाऱ्याचा हात कापेल. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात गुंडाळून रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवतो. डबा पंपाच्या खोलीत, फळीच्या मागे आहे. सात पुड्या असतील.

काच फुटण्यासाठीच लावली होती असं तू लिहिलंस, ते तीनदा वाचलं. उभ्या जन्मात असलं काम मला कुणी दिलं नाही, आणि दिलं असतं तरी मी घेतलं नसतं. माझ्या कामामुळे घुमट उतरवायची पाळी येत असेल तर मला आधी सांग, धाकट्याला मागून. तो ओरडतो फार.

आशीर्वाद आहेतच, ते लिहायला लागू नयेत.

आप्पा


१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि या वेळी साष्टांग खरोखरच घातला असं समज.

आप्पांनी स्वतःच डबा काढून दिला. मी ओरडलो नाही. घसा बसला होता असं धर. शिट्टीमास्तरांना चहा पाजला. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही, यावरून ते किती आतल्या गाठीचे आहेत ते कळलं.

पुड्या सातच आहेत. वर्तमानपत्रांच्या तारखा सोबत लिहिल्या आहेत. सगळ्या जानेवारीच्या. मधलं एक वर्ष तेवढं रिकामं, त्या वर्षी पुडी नाही.

ताई, सात वेळा फुटली. म्हणजे भेग सात वेळा हलली, आणि वहीत मी शंभर वेळा शाबूत लिहिलं. इस्त्रीसाहेबांच्या हाती हा डबा गेला तर पत्रा आलाच म्हणून समज. काल डबा पंपाखालच्या खड्ड्यात टाकायला गेलो होतो. आप्पा दारात उभे होते. माझ्या हाताकडे बघत होते. डबा परत आणला. पण आज काय करू ते सांग.

संशय घेतल्याबद्दल लोभ थोडा कापून घे, सगळा नको.

धाकटा


२१ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, मागची थकबाकी धरून.

डबा जपून ठेव. तोच घुमट वाचवणार आहे.

तुझी जुनी पत्रं मी काढून बसले. दर जानेवारीत तुझं एक रडगाणं येतं : तलाव रिकामा केला, बॉयलर बंद, दारं सताड उघडी, घासून घासून कंबर गेली, आत इतका गारठा की दात वाजतात. तारखा ताडून पाहिल्या. प्रत्येक पुडी त्याच आठवड्यातली आहे. ज्या वर्षी पुडी नाही त्या वर्षी रडगाणंही नाही. पंप बिघडला म्हणून त्या वर्षी तलाव रिकामा करताच आला नव्हता, आणि तू मार्चमध्ये मजेत पत्र लिहिलं होतंस.

म्हणजे भेग वाढत नसावी. एरवी आत वर्षभर ऊब असते. गारठा शिरला की घुमट आकसतो, भेग उघडते, काच तडकते. पाणी तापलं की मिटत असणार. नुसती वाढत गेली असती तर पंप बिघडला त्या वर्षीही फुटली असती. पण हे मी नकाशे काढणारी बाई म्हणते, त्याने भागणार नाही. डबा, पुड्या, तुझी खालून बघितलेली वही आणि सोबत पाठवलेली ही आठ पत्रं घेऊन इस्त्रीसाहेबांसमोर बस, आणि खरं ते सांग. तुझ्यासाठी जड आहे, पण करून बघ.

पत्रं परत पाठव. त्यांत माझी बरीच करमणूक आहे.

ताई


२९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं, म्हणून दोन महिने गप्प होतो.

इस्त्रीसाहेबांनी पुड्या पाहिल्या, पत्रं वाचली. माझ्या कंबरेबद्दलची पानंही वाचली. मग म्हणाले की फळ्या बापाच्या, कठडा मुलीचा, वही मुलाची आणि पुरावाही घरचाच. संशय घ्यायला एवढं पुरे होतं, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं. मीही घेतला असता. त्यांनी अट घातली. यंदाची सफाई त्यांच्यासमोर करायची, पट्टी त्यांची, सही त्यांची. भेग उघडून परत पहिल्या मापावर आली तर घुमट राहील, नाही आली तर पत्रा.

पट्टी त्यांनी स्वतः लावली. वाकडी लागली. आप्पांनी मान दुसरीकडे वळवली.

चौदा तारखेला तलाव रिकामा केला. दोन दिवस काही नाही. इस्त्रीसाहेब स्वेटरवर स्वेटर चढवून गॅलरीत बसून. तिसऱ्या दिवशी सकाळी टक् असा बारीक आवाज झाला, रिकाम्या तलावावरून घुमटाने तो सगळीकडे फिरवून आणला. आम्ही चौघं वर बघत राहिलो. मी शिडी चढून, जवळून बघून, वहीत पहिल्यांदा लिहिलं : पट्टी फुटली. मग पाणी भरलं, बॉयलर पेटवला आणि वाट पाहिली. ते आठ दिवस कसे गेले ते विचारू नकोस, तुझी भावजय सांगेल. काल साहेबांनी माप घेतलं, पुसलं, पुन्हा घेतलं. भेग जिथून निघाली होती तिथे परत आली होती.

घुमट राहतोय. अहवालात दोन गोष्टी आहेत : दर वर्षी माप घ्यावं, आणि पन्हळ साफ करावी. दुसरी वाचून मला पुन्हा तुझाच संशय आला. माझी नोकरी राहिली, वही काढून घेतली. ती आता शिट्टीमास्तर लिहितात. तसेही ते वरच बघत असतात.

फुटलेली पट्टी वरच्या साहेबांची सही होईपर्यंत तशीच ठेवायची आहे. कुणाचा हात कापू नये म्हणून खाली जाळी बांधली आहे, तरी आप्पांचा जीव थाऱ्यावर नाही. रोज गॅलरीत जातात, हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहतात आणि परत येतात. आज त्यांनी इस्त्रीसाहेबांना गाठून विचारलं, की बदलायची नाही ते समजलं, सरळ करायची नाही तेही समजलं, पण निदान पुसली तर चालेल का.

साहेबांनी पट्टीकडे पाहिलं, आप्पांच्या फडक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, कोरड्या फडक्याने.

लोभ वाढला तर वाढू दे, संशय मात्र माझ्यापुरताच राहू दे.

तुझा,
धाकटा