करवंट्यांचा क्रम

आप्पा, आज बारावीच्या वर्गात वंशावळीचा तो तक्ता पुन्हा काढायचा होता आणि खडू हातात घेऊन मी नुसतीच उभी राहिले. इतकी वर्षं रोह्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आनुवंशिकतेच्या धड्यात रंगांधळेपणाचं उदाहरण येतंच. वडील रंगांधळे, तर मुलगी वाहक. तिला स्वतःला सगळे रंग दिसतात, पण तिच्या मुलाला ते न दिसण्याची शक्यता निम्मी. मुलीसाठी एक गोल काढायचा आणि अर्धाच रंगवायचा. तो अर्धा गोल मी आहे, हे मला आत्ता कळलं.

तुमच्या नातवाला तुम्ही पाहिलं नाहीत. तो पोटात असतानाच तुम्ही गेलात. आमचं घर स्टेशनजवळ, त्यामुळे त्याला लहानपणापासून रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. परीक्षा पास झाला, पेढे वाटून झाले, मग वैद्यकीय तपासणीत रंगीत ठिपक्यांनी भरलेलं एक पान त्याच्यासमोर धरलं आणि त्यातला आकडा विचारला. त्याला आकडा दिसेना. दुसऱ्या पानावरही दिसेना. लाल आणि हिरवा सिग्नल ज्याला नीट वेगळा दिसत नाही त्याच्या हाती गाडी देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शाळेत तो रंगीत खडूंच्या कागदावरची नावं वाचून चित्रं रंगवायचा. मला वाटायचं, पोराला वाचायची आवड आहे. आता तो खाटेवर पडून असतो. गाडीचा आवाज आला की भिंतीकडे तोंड करतो. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला नाय असलं. तुमच्याकडनंच आलं असल गो." मुलाला बापाकडून वाय गुणसूत्र मिळतं, एक्स आईकडूनच. हा दोष एक्सवरचा. त्या बरोबर बोलत होत्या.

तेव्हापासून मी मनातल्या मनात पेणला जाऊन येते. गणपती जवळ आलेत. मी लहान, शाळा सुटल्यावर मूर्तींच्या कारखान्यात येते. तुम्ही गोणपाटावर बसलेले, उजव्या हाताला फळीवर रंगाच्या करवंट्या ओळीनं मांडलेल्या. पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, काळा. तुम्ही चहाला गेलात म्हणून मी फळी पुसून काढते आणि भरलेल्या करवंट्या परत ठेवताना माझ्या आवडीनं मांडते. तुम्ही येता, न बघता कुंचला बुडवता. संध्याकाळपर्यंत एका अख्ख्या ओळीतल्या गणपतींच्या खांद्यावर हिरवे शेले. कारखानदार दारातूनच म्हणतो, "अरे, शेला लाल सांगितला व्हता. ह्यो काय पाला गुंडाळलास देवाला?" सगळे हसतात. तुम्हीही हसता. "उन्हातनं आलो, डोळ्यांपुढं अंधारी आली," म्हणता.

घरी आल्यावर मात्र तुम्ही ओरडलात. "करवंटी जागची हलवायची नाय, किती वेळा सांगितलं गो?" तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. मी रडायला लागले तशी आई चुलीपुढून म्हणाली, "पोरीवर कशाला डाफरताय? काल पिकलेले म्हणून हिरवेगार टमाटे आणलेत, ते पण तिनंच हलवले व्हते?" पुढे बाजारात तुम्ही एकेक टमाटा दाबून, नाकाशी धरून घ्यायचात. मला तो चोखंदळपणा वाटायचा.

त्यानंतर कारखानदारानं तुम्हाला रंगकामावरून उठवून आखणीला बसवलं. देवाचे डोळे काढायचे. लागतो फक्त काळा रंग आणि बारीक कुंचला. वडखळपासून लोक सांगत यायचे, आमच्या मूर्तीचे डोळे आप्पांकडूनच काढून द्या. मी शाळेत मिरवायचे. त्या काळ्या एका करवंटीपुढे तुम्हाला किती हलकं वाटलं असेल, हे आत्ता सुचतंय.

मी मुलांना सांगते, डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एकेक शब्द म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एकेक मणी. पेशी क्रम वाचते, दुसरं काही बघत नाही. क्रम हलला की भलतंच काही बनतं. लाल आणि हिरवा टिपणारी जनुकं तर जवळजवळ सारखीच लिहिलेली आणि बसलेलीही शेजारी शेजारी. पुढच्या पिढीसाठी मांडामांड होताना त्यांची सरमिसळ होते, एखादं गळतं, एखादं दोघांचं मिळून अर्धवट तयार होतं. तुमच्याही आधी कधीतरी, कुठल्या तरी आईच्या पोटात, भरलेल्या करवंट्या अशाच हलल्या. तुमचा एक्स मला आला. माझा दुसरा धड होता, म्हणून मला तो शेला हिरवा दिसला. लेकाला दोहोंतला कुठला जावा, हे माझ्या हातात नव्हतं. हे सगळं खरं आहे आणि खाटेवर पडलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही.

तरी परवा त्याला सांगितलं. शेल्यांचं, टमाट्यांचं, आखणीचं. तो छताकडे बघत होता.

"आजोबांना माहीत होतं?"

"असणार."

"आणि कुणाला बोलले नाय?"

"नाही."

"त्यांना कुणी ठिपके नाय दाखवले," तो म्हणाला. "मला दाखवले." कुशीवर वळून म्हणाला, "मग आता मला आखणीला बसवतेस काय?"

दमले आहे, आप्पा. त्यानं पुढे काय करायचं हे त्यालाही माहीत नाही, मलाही नाही. आज संध्याकाळी तो आपणहून उठला आणि बाजारातून टमाटे घेऊन आला. सगळे पिकलेले होते. कसे निवडलेस, हे मी विचारलं नाही.

हे पत्र वहीतून काढून फाडून टाकेन, त्याच्या हाती लागायला नको. कारण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर त्यानं मला सांगितलं, "आई, मला आकडा दिसलाच नाय," तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी, अगदी क्षणभर, मला आनंद झाला होता. ते हिरवे शेले आठवले आणि तुम्ही सापडल्यासारखं वाटलं होतं.