मंजुळाताईची सावड

१४ जुलै १९९८
पाड्यावर येऊन आठवडा झाला. एस.वाय.च्या पोरींनी दोन आठवडे आदिवासी घरात राहायचं, मग अहवाल, मग मार्क. पेठच्या पुढे डांबर संपतं, तिथून चालत. माझ्या वाट्याला मंजुळाताईचं घर आलं. ती, तिचा नवरा, म्हातारी सासू. ताई माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. पहिल्या दिवशी मला 'मॅडम' म्हणाली. म्हटलं, पुन्हा म्हणालीस तर जेवणार नाही. आता 'वैशी' म्हणते.
भातलावणी चालू. कंबरेचे बारा वाजलेत. माझी ओळ बघून सगळ्या बाया फिदीफिदी हसतात. हसा मेल्यांनो!

१९ जुलै
इथं मजुरी नाही, सावड. आज साऱ्याजणी आपल्या खाचरात, उद्या आपण त्यांच्या. "कामाला काम," मं.ताई म्हणते. घरी आईने कप विसळायला सांगितला तर मी तोंड फिरवते. इथं गुडघाभर चिखलात दिवसभर, आणि रात्री नागलीच्या दोन भाकरी सहज. ताईच्या शेजारी झोपते. घर आठवत नाही. आठवायला हवं खरं तर...

२३ जुलै
निघालो. मं.ताई म्हणाली, "तुझं दिस हायत माझ्याकडं. मी येईन तुझ्याकडं कामाला." मी मोठ्या मनाची! म्हटलं, "छे गं, राहू दे. सावड-बिवड नको मला."
तिचा चेहराच उतरला. आत गेली, ती बाहेर आलीच नाही. सासू डांबरापर्यंत सोबत चालत आली. "आसं नाय म्हनू पोरी. सावड नको म्हनलं का संबंध तोडला."
पळत मागे जायचं होतं. जीप हॉर्न मारत होती, सर ओरडत होते. बसले गाडीत.

२ ऑगस्ट
अहवाल दिला. सरांचा शेरा: उत्तम. डोंबल उत्तम!
करमत नाही. गादी मऊ, पोळ्या मऊ, झोप नाही. पाड्यावर फोन नाही, ताईला वाचता येत नाही. कळवू कसं?
आई म्हणते, "काय गं, तिकडे कुणी भेटला की काय?"
भेटली, म्हटलं.

१० जानेवारी १९९९
कॉलेजात कळलं, पाड्यावरची माणसं द्राक्षाच्या कामाला सायखेड्याकडे आलीत. लेक्चर बुडवलं, एस.टी. पकडली. बागा पालथ्या घातल्या. शेवटी दिसली एकदाची, वेलाखाली, डोक्याला फडकं. मला बघून हसली. मग आठवलं असणार, कारण हसू गेलं.
"ताई, चुकलं माझं. तू ये. माझ्याकडे कामाला ये."
"शेत हाय तुझं?"
"नाही."
"मंग काय काम करू?"
"काढते काहीतरी."
खळखळून हसली बया! पंचवटीतली आमची गल्ली समजावून सांगितली. मुकादम खेकसला म्हणून निघाले. परतताना बसमध्ये उभी होते, पण काय सांगू, इतकं हलकं वाटत होतं.

२६ फेब्रुवारी
आली होती. आणि मी कॉलेजात!
शिमग्याला गावी जाता जाता उतरली. आई मिरच्यांची देठं मोडत बसली होती, तीही बसली. दोघींनी पोतं संपवलं. आईने पैसे पुढे केले, नको म्हणाली. साडी काढली, तीही नको. जेवली मात्र पोटभर.
"काही निरोप?"
"जाताना म्हणाली, वैशीला सांगा, दिस फिटलं."
आई तिचं कौतुक सांगतेय आणि मी रडतेय. "अगं, मिरची लागली का तुला?" हो, म्हटलं.
म्हणजे तिने तोडलं नाही. पण आता माझे दिवस तिच्याकडे नाहीत. ती परत कशाला येईल? बोलावलं मीच. कपाळ माझं. अजून वर्षभर वाट बघायला लावली असती तरी चाललं असतं, निदान ती येणार आहे हे तरी राहिलं असतं.

१२ जुलै
बाबा: "कॉलेजचं काम झालं ना? आता कशाला तिकडे?"
"लावणीला."
"तुला येते?"
"नाही."
त्यांनी पेपर खाली ठेवला. आईने गुपचूप शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, "मंजुळेला दे" म्हणून.
कॉलेजातल्या पेठच्या मैत्रिणीचा फोन. यंदा त्यांच्याकडच्या लावण्या लवकर उरकत आल्यात. सगळं झालेलं असलं तर दारात उभी राहून काय सांगू? भेटायला आलेय? मग ती पाट मांडेल, पाणी देईल, काळा चहा करेल. पुन्हा मॅडम म्हणेल. पाहुणी नाही व्हायचं मला तिथं. पुन्हा माझे दिवस चढायला हवेत तिच्याकडे.
उद्या पहिली पेठ गाडी. एखादं खाचर तरी शिल्लक ठेव गं ताई.