बेटाकडून आता यादी येणार नाही

प्रिय अक्का,

आज दुपारी मंगल आली होती. तिनं सरळ प्रश्न विचारला आणि मी तिला "बघू" एवढंच म्हणाले. ती गेल्यापासून मी शेडमध्ये तुमच्या पाटावर बसून आहे. उद्या सकाळी मला तुमचा शब्द मोडायचा आहे. तो मोडायच्या आधी तुम्हाला सांगितलंच पाहिजे, म्हणून हे पत्र.

तुम्ही जाऊन चार महिने झाले. या चार महिन्यांत मालाची एकही यादी आलेली नाही. तरी मंगलसकट माल निवडणाऱ्या अकराही बायका आठवड्यातून एकदा येतात, शेड झाडतात, क्रेट धुऊन उन्हात पालथे घालतात आणि जातात. का येतात? कारण जाण्याआधी तुम्ही त्यांना सांगून गेलात, "दिवाळी होऊ द्या, आर्डर येतीया. कुठं जाऊ नका."

दिवाळी होऊन गेली, अक्का.

मला आठवतं, मालदीवची पहिली यादी आली तेव्हा तुम्ही मला नकाशा दाखवायला लावला होता. मी मोबाईलवर दाखवला. निळ्या पाण्यात तिळाएवढे ठिपके. तुम्ही चष्मा वर-खाली करून पाहिलंत आणि म्हणालात, "ह्यात रान कुठं हाय?" मी म्हटलं, रान नाहीच, म्हणून तर आपली मिरची मागवतात. त्या दिवसापासून आपल्या शेडमध्ये त्या देशाचं नाव 'बेट' पडलं. बेटाची मिरची, बेटाचा शेवगा, बेटाची गाडी. इंदापूर-बारामती रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून तुम्ही एका देशाच्या जेवणाची काळजी करायला लागलात.

मी बी.कॉम. झालेली, बारामतीच्या कॉलेजात शिकलेली. तुम्ही नरसिंहपूरच्या, सातवीनंतर शाळा सुटलेल्या. त्यामुळे इब्राहिमभाईंची यादी मी वाचायची आणि तुम्ही माल भरून घ्यायचा, अशी आपली वाटणी. इब्राहिमभाई तिकडचे व्यापारी. हॉटेलांनाही माल द्यायचे आणि गावातल्या बाजारातही विकायचे. यादीत दोन्ही असायचं. रंगीत ढोबळी मिरची, बेबी कॉर्न, पुदिना हॉटेलांसाठी. मिरची, कांदा, भोपळा, कढीपत्ता घरांसाठी. डाळिंब आणि कलिंगड दोघांसाठी.

यादी वाचणारी मी होते, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. किती भोळी होते मी!

ती सकाळ आठवते का? यादीचं वजन आधीच्या महिन्यापेक्षा बरंच वाढलं होतं. मी खूश होऊन इंदापुरातून पेढे आणले आणि बायकांच्या हातावर ठेवले. तुम्ही पेढा पदराला बांधलात, खाल्ला नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणालात, "सुनंदा, काय वाढलंय ते बघ की. कांदा वाढलाय. डाळिंब गेलं. मिरची दोन नंबरची चालंल म्हणत्यात. आन् रोज्यांचा महिना तोंडावर असताना कलिंगड न्हाय? हे घर बसलंय बघ."

मी हसले. म्हटलं, अक्का, तिथं पर्यटकांनी हॉटेलं भरलीत, पेपरात येतं, देश बसेल कसा?

तुम्ही म्हणालात, "हाटेलाचं तसंच हाय. पुदिना बी तेवढाच, ढोबळी बी तेवढीच. घरचं गेलंय."

मी घरी जाऊन सगळ्या जुन्या याद्या काढल्या. बरोबर तसंच होतं. मग बातम्या शोधून वाचल्या, आणि दुसऱ्या दिवशी शेवगा निवडता निवडता तुम्हाला समजावून सांगितलं. त्या देशात तांदूळ, डिझेल, औषधं, सगळं बाहेरून येतं आणि सगळ्याला डॉलर लागतात. पर्यटक डॉलर आणतात, पण त्यातले बरेचसे हॉटेलवाल्यांच्या परदेशातल्या खात्यांत राहतात. सरकारनं पूल बांधले, विमानतळ वाढवला, समुद्रात भर टाकून इमारती उभ्या केल्या, ते कर्जावर. त्या कर्जाचं व्याजही डॉलरमध्ये द्यायचं. तिजोरीतले डॉलर आटले, म्हणून बँका व्यापाऱ्यांना मोजून मापून देतात. इब्राहिमभाईंकडे पैसे आहेत, पण ते तिकडचे रुफिया. "मग त्यांच्याच नोटा धाडू दे की, आपण घिऊ," असं तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, त्या नोटा त्यांच्या किनाऱ्यापलीकडं कुणी घेत नाही.

तुमच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणालात, "म्हंजी मांडव भरलाय, पावणे पंगतीला बसल्यात, आन् घरची बाई परसात उभी राहून शिळी भाकर खातीया."

मी बातम्यांमधून इतकं वाचलं होतं. कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

हे तुम्हाला कसं कळतं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही माहेरची गोष्ट सांगितली. नरसिंहपूरला भीमा आणि नीरा दोन्ही फुगल्या की गाव अडकायचं. तुमच्या वडिलांचं किराणा मालाचं छोटं दुकान. तुम्ही फळीमागे बसायच्या. तुम्ही म्हणालात की पहिल्यांदा काय संपतं ते बघायचं नसतं, लोक काय मागायचं सोडतात ते बघायचं. डब्यात साखर असते, पण बाया मागत नाहीत. मागायचं सोडलं की समजायचं, घरातलं संपत आलंय आणि ते सांगायची लाज वाटतेय.

अक्का, हे सगळं ज्या आठवड्यांत मला सांगत होतात, त्याच आठवड्यांत तुम्ही अर्ध्या भाकरीवर आला होतात. दुपारी डबा उघडायच्या, अर्धी मंगलच्या डब्यात टाकायच्या. मला वाटायचं, तिच्यावर माया आहे. मग ठेचा सोडलात. मग चहात बुडवून नुसती खारी. समुद्रापलीकडच्या देशानं काय मागायचं सोडलं ते तुम्ही मला दाखवत होतात, आणि शेजारच्या पाटावरची बाई काय खायचं सोडतेय हे मला दिसलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, जेवण कधीपासून कमी झालं? मला सांगता आलं नाही. तात्यांनाही नाही. नवऱ्याला आणि जावेला ठाऊक नाही असं दुखणं तुम्ही कुठं ठेवलं होतंत?

आणि तुम्हीही का सांगितलं नाहीत? माझा तुमच्यावर राग आहे तो इथं. तुम्हाला सगळं आधी दिसायचं आणि तुम्ही ते पदराला बांधून ठेवायच्या.

शेडचंही तसंच केलंत. दवाखान्यातून परत आल्यावर तुम्ही हट्टानं एकदा शेडमध्ये आलात. टेम्पोतून उतरताना माझ्या खांद्यावर भार टाकून हळूच म्हणालात, "हे बेट दोन-चार वर्सं तरी उठत न्हाय बघ." आणि दहा पावलं चालून बायकांपुढं गेलात आणि हसून म्हणालात की दिवाळीनंतर ऑर्डर येणार. दोन्ही वाक्यं मी ऐकली. मध्ये एक उंबराही नव्हता.

त्यांनी विश्वास का ठेवू नये? लॉकडाऊनमध्ये विमानं बंद झाली होती, तेव्हाही तुम्ही महिन्याभरात यादी येईल असंच म्हणाला होतात. त्या वेळी महिन्याभरात नाही, पण यादी आली होती. त्यांच्या दृष्टीनं तुमचा शब्द एकदा खरा ठरलेला आहे. पण तेव्हा पाहुणे यायचे थांबले होते. या वेळी पाहुणे जेवतायत आणि घर उपाशी आहे. हा फरक त्यांना कुणी सांगायचा? तुम्ही सांगितला नाहीत. मीही नाही.

रात्रीच्या औषधांच्या वेळी मी तुम्हाला विचारलं होतं, असं का सांगितलंत म्हणून. तुम्ही डोळे मिटूनच उत्तर दिलंत. "त्या हितं आल्या की सा तास हसत्यात. घरी कोण हसू देतंय त्यास्नी? आन् मला बी शेवटपतुर कुणीतरी आसू दे की गं भवती."

त्या होत्याच भोवती. शेवटच्या दिवसापर्यंत रोज दोघी-दोघी येऊन तुमचे पाय चेपत होत्या, आणि इकडं तिकडं बघत चेष्टा करत होत्या की अक्का, लवकर उठा, न्हायतर सुनंदाबाई भेंडीत गवार भरत्यात.

आता मंगलबद्दल सांगते. ती मोरगावकडची, तिकडं जिरायती रान. तिच्याकडे तीन दुभत्या शेळ्या होत्या, तुम्ही नावानं ओळखायच्या. तिनं आधी शेळीची तरणी, अजून न व्यालेली पाट विकली. मग एक शेळी. गेल्या बाजारी दुसरी. मी विचारलं तर म्हणाली, चारा महाग झालाय. मी मान हलवली. अक्का, एवढं तरी मी तुमच्याकडून शिकायला हवं होतं ना?

गेल्या आठवड्यात इब्राहिमभाईंचा फोन आला. त्यांनी दुकान बंद केलं. बाजारातून चढ्या भावानं डॉलर घेऊन माल आणला तर त्यांच्या शेजाऱ्यांना मिरची परवडत नाही, आणि स्वस्त विकली तर ते स्वतः बुडतात. आता एका हॉटेलच्या कोठारात नोकरी करतात. म्हणाले, पेपरात आलंय की मोठ्या देशांनी कर्जाची मुदत वाढवून दिली, धोका टळला. मग म्हणाले, सरकारचा टळला असेल. तुम्ही गेल्याचं मी कळवलं होतं; त्यांनी तुमच्यासाठी दुवा मागितली. शेवटी स्पष्ट बोलले, माझी वाट बघू नका. बारा वर्षांत आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

हे मला आठवडाभर माहीत आहे. मी कुणाला सांगितलं नाही. बघा, तुमचीच जाऊ.

आणि आज मंगल आली. बारामतीच्या अलीकडं एक रोपवाटिका आहे, तिथं ट्रे भरायला आणि कलमं बांधायला बायका हव्यात. वर्षभराचं काम. गाडी न्यायला आणि सोडायला येणार. मालक अकराही जणी एकत्र घ्यायला तयार आहे. उद्या दुपारपर्यंत कळवलं नाही तर तो दुसरीकडची टोळी बोलावणार. मंगलनं मला हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाली, "आमी न्हाय म्हणून बसलोय बाई. अक्कांचा शबुद हाय न्हवं. पर एकदा तुमास्नी इचारावं म्हणलं. यादी येतीया न्हवं?"

तिच्या मागं भिंतीवर तुमचा फोटो होता. त्याला त्यांनीच शेवंतीचा हार घातलाय. त्या फोटोसमोर "अक्कांना माहीत होतं, यादी येणार नाही" असं मला म्हणता आलं नाही. मी "बघू" म्हणाले. ती "व्हय" म्हणून गेली, पण दारात तिनं एकदा वळून बघितलं.

आत्तापर्यंत मला वाटत होतं, मी त्यांच्या आशेसाठी गप्प आहे. तसं नाही. तुम्ही त्यांच्या नजरेतून उतराल, म्हणून मी गप्प होते. आणि शेड रिकामी झाली तर तुमच्या पाटाशेजारी मी एकटी उरेन, म्हणूनही. तुम्हाला भोवती माणसं हवी होती, तशी मलाही हवीत. पण तुमचे दिवस मोजके होते. माझे अजून बरेच असतील, आणि तेवढे दिवस मी मंगलच्या शेळ्यांवर काढू शकत नाही.

उद्या त्या क्रेट धुवायला येतील. त्यांनी झाडू हातात घ्यायच्या आधी मी त्यांना खाली बसवणार आहे. इब्राहिमभाईंचा फोन सांगणार आहे. आणि कुणी विचारलं, अक्कांना हे ठाऊक होतं का, तर हो म्हणणार आहे. का लपवलंत तेही सांगेन, तुमच्याच शब्दांत. त्या चिडतील. चिडू देत. गेलेल्या माणसावर चिडता येतं, अक्का. मी चार महिने तेच करतेय, आणि तरी रोज दुपारी चहाला तुमचा कप मोजूनच पाणी ठेवते.

एक वचन देते. अकरा जणींना मी स्वतः रोपवाटिकेच्या गाडीत बसवून देईन. मालकाशी आधी बोलेन, की या एकत्र बसतात, एकत्र जेवतात आणि काम करताना हसतात, ते थांबवायचं नाही. गाडी रस्त्याला लागली की मग शेडचं शटर ओढेन. त्याच्या आधी नाही.

तुमची धाकटी जाऊ,
सुनंदा