रेकॉर्डिंग चालू आहे

४ नोव्हेंबर, मंगळवार

नवी वही सुरू. पहिल्या पानावर स्टुडिओचा नकाशा काढला, पट्टी लावून. जागा: न्हाणीघराला लागून असलेली अडगळीची खोली, आठ फूट बाय सहा. खिडकी एक. ती उघडत नाही. हा फायदा.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे मध्येच फाटे फुटणार नाहीत. बाबांच्या घशात गाठ आहे. २७ तारखेला ऑपरेशन. गाठ निघेल, असं डॉक्टर म्हणाले. आवाजाचं सांगता येत नाही, असंही म्हणाले. बाबांनी एकतीस वर्षं बसस्टँडवर घोषणा केल्या. आम्ही लहान असताना त्यांनी आमच्यासाठी एक अंगाई रचली होती, तीही घोषणेसारखीच सुरू होते. ताईला फेब्रुवारीत बाळ होईल. तिला ती अंगाई बाबांच्या आवाजात हवी आहे, ऑपरेशनच्या आधी.

ताई फोनवर म्हणाली, मोबाइलवर घे आणि पाठवून दे, पाच मिनिटांचं काम. मी सांगितलं की बाबांचा आवाज मोबाइलवर घेणं म्हणजे लग्नाचा फोटो ओळखपत्राच्या मापात काढणं. ती गप्प बसली. पटलं असावं.

हातात तेवीस दिवस. स्टुडिओ सात दिवसांत होईल. सोळा दिवस शिल्लक. सावकाश करायला हरकत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

खोली रिकामी केली. अडगळ आता जेवायच्या जागी आहे. जेवण उभ्याने.

सामान सगळं स्वस्तातलं, पण विचारपूर्वक. माइक कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडून, सेकंडहँड. त्याला सगळे डेसिबल म्हणतात, एका कानाने कमी ऐकतो. माइक उत्तम आहे म्हणाला, फक्त हात लावायचा नाही. स्टँड म्हणून जुन्या टेबलफॅनचा दांडा. फोम आमच्या दुकानातून. मी फ्लेक्सच्या दुकानात मजकूर टाइप करतो आणि तपासतो. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, पण ऱ्हस्व-दीर्घ सुटलं नाही.

भिंतींना अंड्यांचे एकशे वीस ट्रे चिकटवले. नंतर वाचलं की त्यांनी आवाज अडत नाही. काढले नाहीत. स्टुडिओसारखं दिसतं तरी. आई दारातून बघून म्हणाली, कोंबड्या कधी येणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

घरातली चारही ब्लँकेटं भिंतीला. आई-बाबा आता चादरी पांघरतात. आईने विचारलं, भिंतीला थंडी वाजते का. बाबा म्हणाले, राहू दे गं, काम करतोय तो. समजूतदार माणूस. ३१ वर्षं माइकसमोर काढल्याचा फरक पडतोच.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ६.४०

टेस्ट क्रमांक १.

पद्धत ठरवली आहे. कुणाचाही आवाज घेण्याआधी खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. सलग पाच मिनिटं. एकही आवाज आला नाही तर पास. वेळ सकाळी ६.४०, कारण तेव्हा रस्ता शांत असतो. नापास झाली तर दिवसात जमेल तेव्हा पुन्हा.

मिनिट १: पाण्याची मोटर. मिनिट २: दूधवाल्याची सायकल. मिनिट ३ ते ५: भिंतीपलीकडे बेसिनपाशी बाबांचं गुणगुणणं, दाढी करताना. नापास.

अडथळे वेगळ्या वहीत वेळेसकट नोंदवायचे, फाइलमधून कापून टाकायचे, फक्त स्वच्छ भाग ठेवायचा. कापलेलं दर रविवारी कायमचं पुसायचं. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

घरात कुणाला काही गांभीर्य नाही, म्हणून दुकानात बोर्ड छापून आणला. ‘रेकॉर्डिंग चालू आहे. कृपया शांतता राखावी.’ मजकूर तीनदा तपासला. उरलेला तुकडा सहा बाय तीनचा होता, त्यामुळे बोर्ड दारापेक्षा रुंद झाला आहे. खालून वाकून आत जावं लागतं.

बाबांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. विचारलं, खरंच सुरू झालं का. मी म्हटलं, हो, रोज सकाळी ६.४०ला. विचारलं, किती दिवस चालणार. म्हटलं, मनासारखं एक येईपर्यंत रोज. त्यांनी मान डोलावली आणि बोर्डाचा एक कोपरा लोंबत होता तो नीट चिकटवला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी ६.४०

टेस्ट ९. बोर्डाचा परिणाम दिसतो आहे. बाबांनी मोटर बंद ठेवली. दूधवाल्याला सायकल फाटकाबाहेर लावायला सांगितलं. आईला मिक्सर सात वाजेपर्यंत लावू देत नाहीत. शिस्त म्हणजे काय ते त्यांना कळतं.

मात्र स्वतः थांबत नाहीत. उलट इतर आवाज गेल्यामुळे त्यांचा अगदी स्पष्ट येतो. आज शब्दही कळले. नोंद अशी:

६.४१: घसा साफ करणे.
६.४२: ‘झोपेची गाडी आली, फलाट क्रमांक दोन’
६.४२: ‘पापण्यांच्या दारामधून चढतंय बघा कोण’
६.४४ पर्यंत चालू. पूर्ण कापले. नापास.

त्यांना सांगावं का, यावर दिवसभर विचार केला. आजारी माणसाला गप्प राहा कसं म्हणायचं? शब्द ओठांवर येतात आणि परत जातात. भिंत जाड करणे हा जास्त सभ्य उपाय आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

न्हाणीघराच्या बाजूच्या भिंतीला फोमचा दुसरा थर, त्यावर जुनी गादी. टेस्ट १३. अडथळा कमी होण्याऐवजी वाढला. बाबा आज खुल्या आवाजात. हे विज्ञानात बसत नाही.

दुपारी त्यांचा घसा बसलेला असतो. आई म्हणाली, एवढा जोर कशाला काढायचा या अवस्थेत. मी विचारलं, कशाबद्दल म्हणतेस. म्हणाली, तुलाच ठाऊक. ती माझ्या गादी उचलण्याबद्दल बोलत असावी. कंबर दुखते आहेच.

१६ नोव्हेंबर, रविवार

कापलेले तुकडे पुसले. बरीच जागा झाली.

ताईचा फोन. बाबा तिला सांगत होते की काम जवळजवळ झालंय, पोरगा रोज पहाटे उठून बसतो. पडद्याआडून ऐकलं. घरात निदान एका माणसाला जाणीव आहे. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी खोली करायचीच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फ्रिजची घरघर सापडली. आठवडाभर शोधत होतो. टेस्टपुरता फ्रिज बंद केला. परत चालू करायचं राहून गेलं. संध्याकाळी दूध नासलं. आई काही बोलली नाही. आईचं न बोलणं माइकमध्ये येत नाही, पण खोलीत येतं.

दुकानात मालकांनी विचारलं, डोळ्यांखाली काय झालंय. सांगितलं, प्रोजेक्ट चालू आहे. ते म्हणाले, प्रोजेक्टला झोपायला सांग.

थकलो आहे. पण थकवा हे प्रगतीचं लक्षण असतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

टेस्ट २४ नापास. कारण नेहमीचं. आज तीन कडवी, मध्ये कुठेही न अडखळता. इतका लांब अडथळा पहिल्यांदाच. कापायलाच वीस मिनिटं लागली.

चहाच्या वेळी बाबांनी स्वतःहून विचारलं,

‘झालं ना रे मनासारखं?’

मी म्हटलं, नव्वद टक्के.

‘मग पुरे. उरलेलं दहा टक्के बाळ भरून काढेल.’

मी त्यांना त्यांच्याच नियमाची आठवण करून दिली. बसस्टँडवर बाबा कधीही आगाऊ घोषणा करत नसत. कंट्रोलर कितीही ओरडला तरी गाडी फलाटाला लागून चाकं थांबल्याशिवाय माइकचं बटण दाबायचे नाहीत. म्हणायचे, आधी सांगितलं आणि गाडी आलीच नाही, तर लोक धावून धावून तोंडावर पडतात. मी म्हटलं, बाबा, माझी गाडी अजून फलाटाला लागायची आहे. ते हसले. मग खोकले. (दाराबाहेर, ५.१०, चार सेकंद.)

रविवारी सकाळी दहा वाजता माइकसमोर बसायचं असं ठरवलं. बाबा म्हणाले, ‘अजून एकदा? बरं.’

अजून एकदा का म्हणाले ते कळलं नाही. औषधांमुळे असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

१०.००. बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, खिशाला जुनं पेन. बोर्डाखालून वाकून आत आले आणि ट्रेकडे बघत स्टुलावर बसले.
१०.१०. वायरमध्ये खरखर.
१०.४०. खरखर माइकला हात लावल्याने आहे. डेसिबलला फोन. तो म्हणाला, सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही.
११.१५. खरखर गेली. वरच्या मजल्यावर सुतार आला. ड्रिल.
११.५०. सुतार जेवायला गेला. मला घाम. बाबांच्या स्टुलाची करकर. स्टूल बदललं. दुसऱ्या स्टुलाची करकर वेगळी.
१२.२०. सुतार परत. इतक्या लवकर कुणी जेवतं का?

म्हटलं, बाबा, मंगळवारी घेऊ. दोन दिवस शिल्लक राहतात तरी. ते म्हणाले,

‘तू म्हणशील तसं. सकाळचं आहे ना पण तुझ्याकडे?’

‘सगळं आहे,’ मी म्हटलं. ‘तारीखवार.’ वही दाखवली.

ते निर्धास्त झालेले दिसले. स्टूल उचलून जागेवर ठेवलं, तेही आवाज न करता. शिकण्यासारखं आहे.

कापलेलं पुसलं. आता रविवारचा नियम मोडायचा कशाला.

२४ नोव्हेंबर, सोमवार

हॉस्पिटलमधून फोन. आजपासून ऑपरेशनपर्यंत आवाजाला पूर्ण विश्रांती, एक शब्दही नाही. सूज वाढली आहे, रोज कुठे मोठ्याने बोलता का असं विचारत होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून सांगितलं. बाबा घरात तसे कमीच बोलतात.

वेळापत्रक असं ऐनवेळी बदलायचं नसतं. बाबांनी बसस्टँडवर असं केलं असतं तर प्रवाशांनी टेबल उलटवलं असतं. माझ्याकडून सगळी तयारी होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

बाबा चिडलेले नाहीत. माझ्या खांद्यावर थोपटून गेले.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, पसरलेली नव्हती. आई व्हरांड्यातल्या बाकावर बसून रडली, मग डबा उघडून मला जेवायला लावलं.

गाठीबरोबर एक स्वरतंतू काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, पुढे कुजबुज येईल. मी विचारलं, कुजबुजीनंतर काय येतं. ते म्हणाले, कुजबुजच.

२ डिसेंबर, मंगळवार

बाबा घरी. पाटी-पेन्सिल आणली. ते पाटीवरसुद्धा वळणदार लिहितात.

गादीचा एक कोपरा सुटला होता तो खिळा मारून बसवला. का ते माहीत नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

ताई आणि दाजी आले. ताईला आता खाली बसायला जड जातं. बाबा तिचा हात धरून तिला स्टुडिओकडे घेऊन गेले. बोर्डाखालून तिला वाकता येईना, म्हणून बाबांनी बोर्डच काढून बाजूला ठेवला. सगळे आत. पाचजणांना ती खोली लहान आहे.

बाबांनी पाटीवर लिहिलं: ऐकव.

मी समजावून सांगितलं की ही सगळी एक प्रक्रिया असते, तिचे टप्पे असतात. बाबांनी ओल्या फडक्याने पाटी पुसली, लिहिलं: १३ तारखेचं चांगलं झालं होतं. २०चं सगळ्यांत चांगलं.

मला खरंच कळेना. १३ तारखेला तर टेस्ट होती. ते पुन्हा लिहायला लागले, या वेळी बराच वेळ. पाटी माझ्याकडे न देता ताईकडे दिली. तिने मोठ्याने वाचली.

‘रोज सकाळी बेसिनपाशी उभं राहून म्हणत होतो. मोटर बंद करून. भिंतीला गादी लागली तेव्हा मोठ्याने म्हटलं, आत पोहोचावं म्हणून. दारावर लिहिलं होतं ना.’

मी ट्रेकडे पाहिलं. एकशे वीस लावले होते. एक पडला आहे.

आई म्हणाली, ‘मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय.’

ताईने फाइली लावायला सांगितल्या. सत्तावीस फाइली आहेत, प्रत्येक स्वच्छ केलेली. एकात फोमचा थर एक, एकात दोन, एकात फ्रिज बंद. तिने चार ऐकल्या आणि हेडफोन काढला. मग दाजींनी लावला. त्यांना यातलं काही कळत नाही. बराच वेळ ऐकून म्हणाले, क्वालिटी छान आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

कॉम्प्युटर डेसिबलकडे नेला. तो म्हणाला, साधं पुसलेलं परत आणता येतं कधी कधी, पण तू तर घासून पुसलंयस. इतकं नीटनेटकं काम त्याने पाहिलं नाही म्हणाला. एरवी मला बरं वाटलं असतं.

७ डिसेंबर, रविवार

ताई जाताना अडथळ्यांची वही घेऊन गेली. त्यात तिन्ही कडवी आहेत, मिनिटासकट. मी म्हटलं, शुद्धलेखनाची एकही चूक सापडणार नाही. ती म्हणाली, माहीत आहे. मग दारात थांबून म्हणाली, चाल तुला येते ना. म्हटलं, येते. म्हणाली, मग तूच म्हण आणि पाठव. मोबाइलवर.

मी विचार करतो म्हणालो. माझा आवाज त्या दर्जाचा नाही. शिवाय खोली अजून पास झालेली नाही.

१० डिसेंबर, बुधवार. सकाळी ६.४०

टेस्ट २८. सवयीने जाग आली.

बाबा पलीकडे दाढी करत होते. मोटर बंद होती, तीही त्यांच्याच सवयीने. आधी नळाचं पाणी ऐकू आलं. मग नळ बंद झाला.

पाच मिनिटं सलग. मोटर नाही, सायकल नाही, फ्रिज नाही. भिंतीपलीकडून काही नाही.

पास.

खोली तयार आहे.