क्लेमांसबाईंचे सव्वीस दिवस

खाडीवरून, १२ मार्च १९८८

चि. आन्सेल्म यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे, आणि चष्मा लावून नीट बसून घे, कारण पत्र लांब आहे. खोकला कसा आहे? मी विणून पाठवलेलं बनियन अंगात आहे की खोक्यात? (खोक्यातच असणार. चौसष्ट वर्षं ओळखते मी तुला.) माझं म्हणशील तर उजवा गुडघा सोडून बाकी मी ठणठणीत आहे. दोन्ही मांजरं मजेत. नाताळात कालवं चांगली खपली. आता मुद्द्यावर येते. क्लेमांस आर्वो माझ्या घरी सव्वीस दिवस राहून गेली.

हो, तीच. राणी झालेली, नवऱ्याला विष घालणारी डॉक्टरीण झालेली, जोगिणीच्या सिनेमासाठी डोकं भादरून घेतलेली. जिला पारितोषिक देताना अख्खं सभागृह उभं राहिलं होतं आणि शेजारची बेर्थसुद्धा आपल्या टीव्हीसमोर उभी राहिली होती, ती. नव्या सिनेमात ती कालवंवाली होणार होती, आणि होण्याआधी तिला ते काम हातानं करून पाहायचं होतं. तिच्या चिटणीसबाईंचा फोन आला. बाईंना पाहुणी समजू नका, म्हणाल्या. मी लगेच नवे पडदे शिवले, धुराडं साफ करून घेतलं आणि गावातून तीन थरांचा क्रीमचा केक आणला. पाहुणी न समजण्याची माझी ही पद्धत.

ठरल्या दिवशी मी पहाटेपासून रस्त्यावर डोळे लावून काळी मोटार शोधत होते. मोटार आली नाही. आठच्या बसमधून तपकिरी रेनकोट घातलेली, कातडी पिशवी घेतलेली एक साठीची बाई उतरली, ती थेट शेडच्या दारात येऊन गटाराकडे बघत उभी राहिली. आरोग्य खातं! नेमकं आजच! मी एका लाथेनं मांजरांची टोपली मेजाखाली सरकवली आणि ‘या, या’ म्हणत पुढे झाले. ती हसली नाही. पिशवीतून वही काढली. गटार कधी साफ केलंत, विचारलं. बर्फ कुठून येतो, विचारलं. मग नुसती गप्प राहून माझ्याकडे बघत राहिली, आणि आन्सेल्म, त्या गप्प राहण्यानं मी अशी घाबरले की तिनं न विचारलेलंही सगळं ओकून टाकलं. मांजरं, फुटकी फरशी, एव्हारिस्तनं पिंपामागे लपवून ठेवलेली घरगुती दारू (नवरा जाऊन सहा वर्षं झाली, पण दारू अजून आहे), सगळं. पंचवीस मिनिटांनी तिनं वही मिटली आणि म्हणाली, ‘‘माफ करा हं. मी क्लेमांस. तुम्ही मला इतक्या मनापासून तपासनीस समजलात की मला तो समज मोडवेना.’’

आजवर अकरा तपासनीस पाहिलेत मी. त्यांतला एकही तिच्याइतका तपासनीस नव्हता.

केक तिनं खाल्ला. लगेच दुसऱ्या दिवशी ओहोटीला माझ्याबरोबर कालवांच्या वाफ्यांवर उतरली आणि मांडीपर्यंत रेंद्यात रुतली. मी आणि बेर्थनं दोन्ही बगला धरून ओढली तेव्हा बाई वर आली, डावा बूट खालीच राहिला. (तो अजून तिथंच आहे. बेर्थ जागा दाखवते लोकांना.) पहिल्या आठवड्यात सुरीनं तळहात दोनदा कापून घेतला. तक्रार एका शब्दानं नाही. मात्र ती काही विचारायचीही नाही. मला वाटलं होतं वही घेऊन मागे मागे फिरेल. नुसती शेजारी उभी राहायची, काम करायची आणि बघायची.

बोलायची ती कालवं निवडताना, आणि तेसुद्धा मी खोदून खोदून विचारलं तर. ऐक, हे मासिकांत आलेलं नाही. तिचं खरं नाव झेर्मेन पुशो. बाप लीलच्या बाजारात वजडी विकायचा. सतराव्या वर्षी घरातून पळून पॅरिसला आली, हातमोज्यांच्या दुकानात लागली. सिनेमातली पहिली भूमिका प्रेताची! थंड फरशीवर निपचित पडून राहायचं, बस्स. हिनं डायरेक्टरला विचारलं, ‘‘ही बाई मेली कशानं?’’ तो खेकसला, ‘‘तुला काय करायचंय? मेलीय ना?’’ ही गेली एका इस्पितळात, आणि मुडदेघराच्या रखवालदाराला तंबाखू देऊन दोन दुपारी त्याच्याजवळ बसून आली. शूटिंगच्या दिवशी दिवे लावणारे गडी तिच्यावरून जाताना टोप्या काढत होते म्हणे. त्यानंतर नऊ वर्षं मोलकरणी. बत्तीस मोलकरणी केल्या, आणि एकीचीही चाल दुसरीसारखी नाही. एकदा तिनं सूपचं भांडं अशा काही काळजीनं आत आणलं की नायिका रडत असताना लोक सूपकडे बघत बसले. नायिकेनं तो तुकडाच कापून टाकायला लावला. तिशी उलटल्यावर कुणीतरी तिला ती विषवाली डॉक्टरीण दिली, आणि पुढचं जगाला माहीत आहे. दोन नवरे झाले. एक डायरेक्टर, एक दंतवैद्य. दंतवैद्य बरा होता, म्हणाली. मी विचारलं, मग सोडलात का? तर म्हणे, ‘‘मी सोडलं नाही हो ताई. घरी असायचे तेव्हा मी कोण असेन याचा त्यांना नेम नसायचा. दमले बिचारे.’’

तिसऱ्या आठवड्यात भानगडी सुरू झाल्या. पोस्टमन इयासेंतनं ती मीच समजून माझं रजिस्टर पत्र तिच्या हातात देऊन सही घेतली, वर आपल्या कंबरेचं गाऱ्हाणंही सांगितलं. बेर्थ तर पाठमोऱ्या तिच्याशी कुंपणाखालून वाहणाऱ्या पाण्यावरून दहा मिनिटं भांडली, आणि ती तिला माझ्याच शब्दांत उत्तरं देत होती! मग तोंड फिरवल्यावर बेर्थ किंचाळली. रात्रीच्या जेवणाला येऊन मला म्हणते, ‘‘लेओन्तीन, खरं सांगू? तुझ्यापेक्षा तिच्याशी भांडायला मजा येते.’’ मी चालताना उजवीकडे झुकते हे मला ठाऊकच नव्हतं. सीगल पक्ष्यांना शिव्या देते तेव्हा आधी रुमाल नीट करते, हेही नव्हतं. ते सगळं मी आता माझ्याच अंगणात चालताना बघत होते.

मग शूटिंगवाले आले, ट्रकच्या ट्रक. पहिलाच प्रसंग असा: नवरा गेल्यावर बाई पहिल्यांदा शेडमध्ये कामाला येते. डायरेक्टरनं तिच्यासाठी पान-दीड पान भाषण लिहिलं होतं. हिनं ते काढून टाकायला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘मग प्रेक्षकांना कळणार कसं?’’ ही म्हणाली, ‘‘बघू या ना.’’ मला त्यांनी कोपऱ्यात खोक्यावर बसवलं होतं, हलू नका म्हणून बजावून.

ती आत आली. उजवीकडे झुकत. सुरी घेतली, एक कालव फोडलं, पहिलं पाणी ओतून टाकलं आणि न बघताच हात डावीकडे लांब केला. कुणाला तरी देतात तसा. हात तसाच थांबला. मग तिनं तो हळूच परत आणला आणि कालव स्वतः खाल्लं.

बस्स, एवढंच.

आन्सेल्म, माझ्या डाव्या हाताला बत्तीस वर्षं एव्हारिस्त उभा राहायचा. सकाळचं पहिलं कालव त्याचं. आणि मी ते अजून देते. सहा वर्षं रोज सकाळी मी हवेला कालव देते आहे आणि मला त्याचा पत्ता नाही! मी ताडकन उठले, खोकं मोडलं, मी जाळ्यांच्या ढिगात पडले आणि शॉट वाया गेला. दुसऱ्यांदा घरातला फोन वाजला. तिसऱ्यांदा मांजर. सात वेळा केलं तिनं ते, सातही वेळा हात तितकाच वेळ थांबला, आणि सातही वेळा मी रडले. त्याच्या दफनाला रडले नव्हते, तुला आठवत असेल. पाद्रीबाबांनासुद्धा ते खटकलं होतं.

मग मला राग आला. तरातरा शेडमागे गेले तिला जाब विचारायला. बघते तर काय, पारितोषिकवाली क्लेमांस आर्वो बादलीवर ओणवी होऊन ओकते आहे! तिला कालवं सोसत नाहीत. लहानपणापासून वासही नको वाटतो. इतके दिवस माझ्या मेजाशी बसून मिटक्या मारत खाल्ली, आणि मला संशयसुद्धा आला नाही. मी तिचं कपाळ धरलं, पाणी दिलं, आणि तरी म्हटलंच, ‘‘ते माझं होतं. तुम्ही चोरलंत.’’

तिनं तोंड पुसलं. आणि पहिल्यांदाच ती कुणाचीच भूमिका न करता माझ्याकडे बघते आहे असं वाटलं. म्हणाली, ‘‘ताई, मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे.’’

मग दोघी खोक्यांवर बसलो. एव्हारिस्तची दारू काढली. तिला ती सोसते.

असो. ती गेली, ट्रक गेले, चिखलात चाकांचे चर तेवढे राहिले. सकाळी पहिलं कालव मी अजून डावीकडे देते, पण आता जाणूनबुजून. मोठी बाई आहे, आन्सेल्म. आपल्यातलं माणूस म्हणता येणार नाही आणि परकंही म्हणता येणार नाही. तुझी तब्येत सांभाळ. बनियन घाल.

तुझी,
लेओन्तीन

ता. क. तिचा पुढचा सिनेमा एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या विधवेवर आहे. डोंगरातला, कमी बोलणारा, हात स्थिर असलेला एखादा घड्याळजी ती शोधत होती. माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं.

ता. क. २. निघून गेलं नाही, मी मुद्दाम घेतलं. तुझी जॉर्जेत गेल्याला तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून तुझ्या पत्रांत फक्त हवामान असतं. ती गुरुवारी पाचच्या गाडीनं येते आहे, महिनाभरासाठी. वरची खोली झाडून ठेव. नको म्हणून कळवायला वेळ नाही. पत्र तुला बुधवारी मिळेल अशा बेतानंच टाकते आहे.

ता. क. ३. तपकिरी रेनकोट असेल. काही विचारणार नाही, नुसती बघेल. बघू दे. स्टेशनवर स्वच्छ दाढी करून जा.

ता. क. ४. दाढी राहू दे. जसा असशील तसाच जा.