अक्का दिवा फुंकत नाही

धामणगाव बढे, गुरुवार, दिवेलागण

अक्काची फुंकायची तपासणी आज तिसऱ्यांदा फसली. "टोचणं नाही, कापणं नाही, नुसतं नळीत फुंकायचं," अशी या यंत्राची बातमी मीच छापून आणली होती. वार्ताहर विद्वान!

बुलढाण्याच्या दवाखान्यातली मुलगी दर वेळी सांगते, "आजी, जोरात मेणबत्ती विझवा," की अक्का ओठ मिटून बसते. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर घशातून दुर्बीण घालून फुफ्फुस पाहावं लागेल. त्याला ती मरेपर्यंत हो म्हणणार नाही. मग निदान कसं होणार, औषध कसलं देणार?

परतीच्या बसमध्ये मी चिडलो. "फुंकत काऊन नाहीस तू?"

"दिवा कोनी तोंडानं इझवते का बे बापू? इतकं संस्कृत शिकला, अन् हे तुले मालूम नाही?"

मालूम होतं. तिन्ही वेळा शेजारी उभा होतो, तरी सुचलं नाही. आणि जन्मभर चुलीपुढे फुंकणी फुंकूनच तर तिची छाती अशी झाली.

घरी आल्याबरोबर तीच जुनी फुंकणी तिच्या हाती दिली. म्हटलं, "दिवा सोड, चूल पेटव." तिनं आढेवेढे न घेता सगळा जीव लावून फुंकलं.

चुलीतली राख जागची हलली नाही.

"आता जमलं ना?" धापा टाकत ती हसली.

"जमलं," मी म्हणालो. उद्या पहिल्या बसनं निघायचं. त्या मुलीला सांगायचं, मेणबत्ती नको, चूल म्हण.

पण ती राख.